२४ जूनच्या आधी

२०२५च्या जानेवारीत मॉर्गेजचा फिक्स्ड रेट संपत आला म्हणून ब्रोकरला फोन केला. पगार, हप्ते, लेकीच्या नर्सरीची फी, सगळं विचारून झाल्यावर तो म्हणाला, "लीजची वर्षं किती उरलीत?" मी म्हटलं, "भरपूर आहेत." तो म्हणाला, "आकडा सांगा."

रात्री लेक झोपल्यावर फाइल काढली. लंडनजवळच्या स्लाऊचा हा दोन बेडरूमचा फ्लॅट घेताना सही केलेले ते कागद मी त्यानंतर कधी उघडलेच नव्हते. तिसऱ्या पानावर एकच ओळ होती: मुदत, २४ जून २००६पासून ९९ वर्षे. आधी बोटांवर मोजलं, मग फोनवर. ८० वर्षं आणि पाच महिने.

डोंबिवलीला बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, ऐंशी वर्षांनी बघायला कोण आहे? आणि घर तर तू विकत घेतलंस ना?" मग त्यांना समजावून सांगितलं, की इंग्लंडमध्ये फ्लॅट विकत घेतला तरी जमीन आणि इमारत बहुतेक वेळा फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाचीच राहते. आपण घेतो तो ठरावीक वर्षांचा हक्क. वर्षं संपली की फ्लॅट पुन्हा त्याच्याकडे. बाबा म्हणाले, "म्हणजे वाशीच्या आत्याचं आहे तसं? सिडकोची साठ वर्षांची लीज?" तसंच काहीसं. फक्त आत्याच्या सोसायटीची जमीन लीजवर आहे, इथे माझ्या घराच्या भिंतीसुद्धा.

ऐंशी या आकड्याला एवढं महत्त्व का, ते मला सॉलिसिटरने सांगितलं. १९९३च्या कायद्याने फ्लॅटधारकाला लीज ९० वर्षांनी वाढवून घ्यायचा हक्क आहे. फ्रीहोल्डरची इच्छा असो वा नसो. किंमत ठरते ती दोन गोष्टींवर: त्याचं बुडणारं ग्राउंड रेंट, म्हणजे आपण त्याला दरवर्षी देतो ते जमिनीचं भाडं, आणि फ्लॅट त्याच्या हाती परत जायला आता लागणारी जास्तीची ९० वर्षं. पण ८०पेक्षा कमी वर्षं उरली की तिसरी गोष्ट जोडली जाते, मॅरेज व्हॅल्यू. लीज वाढल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढते, त्यातला निम्मा वाटा फ्रीहोल्डरचा. माझी बरोबर ८० वर्षं २४ जूनला उरणार होती. तो दिवस ओलांडला असता तर लगेच अडीच-तीन हजार पौंड जास्त गेले असते, आणि पुढे दरवर्षी त्यात भर. मोजणी धरतात ती लीज वाढवून मागणारी नोटीस फ्रीहोल्डरला दिल्याच्या तारखेची, व्यवहार पुरा व्हायच्या तारखेची नाही. हे कळलं त्या रात्री मला जरा झोप लागली.

त्याच सुमाराला मी फ्रीहोल्डरच्या एजंटला साधी चौकशीची ईमेल केली होती. चार दिवसांत उत्तर आलं. नोटिशीच्या भानगडीत पडू नका, ९,००० पौंडांत लीज १२५ वर्षांपर्यंत वाढवून देतो, ऑफर २८ दिवसांसाठी. आमच्या व्हॅल्युअरने, म्हणजे किंमत काढणाऱ्या तज्ज्ञाने, कायद्याने येणारी रक्कम १२,००० पौंडांच्या आसपास काढली होती. नवरा म्हणाला, "तीन हजार वाचतायत, घेऊन टाकू."

पत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मूळ मुदतीपुरतं ग्राउंड रेंट आहे तसंच चालू राहील. आमचं ग्राउंड रेंट वर्षाला २०० पौंड, पण दर २५ वर्षांनी दुप्पट. २०३१ला ४००, २०५६ला ८००, २०८१ला १,६००. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकीच्या चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. २१०५पर्यंत जवळजवळ ७०,००० पौंड. ती बेरीज मी नवऱ्यापुढे सरकवली. त्याने दोनदा तपासली आणि पत्र फाइलमध्ये घालून टाकलं. असं पत्र कुणालाही आलं तर कृपा करून दुसरं पान वाचा. मला त्या पत्राचा अजून राग येतो, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

कायद्याच्या वाटेने गेलं की ग्राउंड रेंट 'पेपरकॉर्न' होतं, म्हणजे शब्दशः मिरीचा एक दाणा, तोही मागितला तर. माझ्या आजोळी, सावंतवाडीजवळ, सुपारीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले आहेत. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढंच ना, मी पावशेर पाठवते."

आमच्या इमारतीत १८ फ्लॅट आहेत आणि सगळ्यांच्या लीज एकाच तारखेपासून सुरू झाल्या आहेत. म्हणजे २४ जून सगळ्यांचाच. मार्चमध्ये मी एक पान टाइप केलं आणि प्रत्येक दारात सरकवलं. फ्लॅट भाड्याने देऊन बाहेर राहणारे मालक बरेच, त्यामुळे पाचच जण बोलायला आले. तळमजल्यावरचे रिटायर्ड बसड्रायव्हर काका हातात आपली लीज घेऊनच आले. त्यांना वाटत होतं घर घेऊन दोन वर्षं व्हायला हवीत, आणि त्यांना तर सव्वाच वर्ष झालं होतं. ती अट ३१ जानेवारी २०२५ला रद्द झाली, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते माझ्या कोचावर खाली बसले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. आम्ही चौघांनी एकच सॉलिसिटर धरला. कलम ४२ची नोटीस, म्हणजे लीज वाढवून मागणारी तीच नोटीस, एप्रिलमध्ये गेली, माझ्या नोटिशीत रक्कम १०,५०० पौंड. त्याच्या दहा टक्के डिपॉझिट फ्रीहोल्डरने लगेच मागून घेतलं.

थांबा, असं सांगणारेही होते. २०२४च्या नव्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू काढून टाकली आहे आणि वाढ ९० नव्हे, ९९० वर्षांची आहे. पण कायदा संमत झाला तरी ती कलमं लागू झालेली नव्हती, आणि फ्रीहोल्डर त्याविरुद्ध हायकोर्टात गेले होते. त्यांचं म्हणणं ऑक्टोबर २०२५मध्ये फेटाळलं गेलं. ज्यांची १०० वर्षं शिल्लक आहेत त्यांनी खुशाल वाट पाहावी. आमच्या हातात दोन महिने होते.

जूनमध्ये फ्रीहोल्डरची प्रतिनोटीस आली, १९,५०० पौंडांची. मग दोन्ही बाजूंच्या व्हॅल्युअरची पत्रापत्री, ट्रायब्युनलमध्ये जायची तयारी, आणि सप्टेंबरमध्ये १२,८०० पौंडांवर तोडगा. शिवाय त्यांच्या वकिलाची आणि व्हॅल्युअरची फी आपणच भरायची असते, ती सुमारे १,९०० पौंड. हा खर्च आधीच हिशेबात धरा, मी धरला नव्हता.

लँड रजिस्ट्रीचा नवा उतारा डिसेंबरमध्ये आला. आता लीज २१९५ला संपते. काकांचा उतारा माझ्या आधी दोन दिवस आला होता, तो दाखवायला ते जिना चढून वर आले. सातव्या फ्लॅटमधल्या बाई मात्र मार्चमध्ये म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यानंतर बघू." आता त्यांची ७९ वर्षं काही महिने उरलीत. शनिवारी मी त्यांच्याबरोबर त्यांची फाइल बघायला बसणार आहे.