कपाटाची काच

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, मी वर्षातून एकदा कामगारांचे कान तपासायला जाते. राजारामपुरीतून सकाळी सहाच्या आत निघायचं, तावडे हॉटेलपाशी हायवेला लागायचं, पंचगंगेचा पूल ओलांडला की आलंच. इतक्या लवकर जायचं कारण म्हणजे, आवाजात राबून आलेला कान काही तास बधिर असतो. तपासणीआधी त्याला निदान चौदा तास शांतता मिळाली पाहिजे, नाहीतर कागदावर खऱ्या कानाऐवजी कालची पाळीच उतरते. म्हणून मी साप्ताहिक सुट्टीनंतरची सकाळ मागून घेते. पहिल्या वर्षी तिथले साहेब म्हणाले होते, "जेवणाच्या सुट्टीत उरका की मॅडम, पाच-पाच मिनिटांत." ते समजावण्यातच माझा अर्धा तास गेला.

सगळ्यात जास्त माणसं येतात ती फेटलिंगची. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, रनर-रायझरची शेपटं असतात, धातू ओतायच्या वाटांत गोठलेली, कडेनं जादा धातू आलेला असतो. तो हवेच्या छिन्नीनं तोडायचा, मग ग्राइंडरनं घासून साफ करायचा. "ही बीडाची हजामत हाय बगा," असं तिथला एक पोरगा म्हणाला होता. या हजामतीचा आवाज माझ्या मीटरवर 98 ते 104 डेसिबल भरला. कारखान्यांच्या नियमात 90 डेसिबलला आठ तास बसतात, 95 ला चार, 100 ला फक्त दोन. आणि इथली पाळी आठ तासांची, वर ओव्हरटाइम. कानात घालायचे बोळे सगळ्यांना दिलेत, ते सगळ्यांच्या गळ्यात दोरीला लटकलेले असतात. वाळूनं काळे झालेल्या बोटांनी ते कानात सारले की कान खाजतो, कधी पिकतो. मग माणूस ते काढून कापूस कोंबतो, आणि कापसानं आवाज जवळजवळ थांबतच नाही. साहेबांची राउंड आली की मात्र बोळे बरोबर कानात.

तपासणी प्रथमोपचाराच्या खोलीत होते. कोपऱ्यात माझं टेबल, त्यावर ऑडिओमीटर, म्हणजे ऐकणं मोजायचं मशीन. समोर माझ्याकडे पाठ करून एक खुर्ची. माणसानं हेडफोन घालायचा आणि बारीकशी "टी" ऐकू आली की बोट वर करायचं. पाठ करून बसवायचं कारण कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवतात: तुमचा हात त्याला दिसता कामा नये.

मामा तीन वर्षं त्या खुर्चीत बसत होते. नाव सांगत नाही, खात्यातही त्यांना सगळे मामाच म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढं, बावीस वर्षं फेटलिंगमध्ये, तीन ठेकेदार बदलले पण छिन्नी तीच. आणि त्यांचा आलेख? शाळेतल्या पट्टीनं ओढावा तसा सरळ, सगळीकडे पंधरा-वीस डेसिबल. म्हणजे एवढा बारीक आवाजही ऐकू येतो; आकडा जितका मोठा तितका कान गेलेला, आणि आलेखावर रेघ तितकी खाली. मी त्यांना शाबासकीसुद्धा दिली होती. बाहेर बाकावर बसलेल्या पोरांना म्हटलं होतं, "मामांचे कान बघा, तुमच्यापेक्षा तरुण आहेत." मामा ओठांकडे बघत मंद हसले होते. ते माझ्या ओठांकडे बघत होते हे मला आत्ता कळतंय.

गेल्या साली त्यांचा नंबर चौथा होता. 500 आणि 1000 हर्ट्‌झ, म्हणजे खालच्या पट्टीतले सूर, कसेबसे निघाले. 2000 ला मी आवाज वाढवत नेला तेव्हा 45 ला बोट वर आलं. 4000 ला थेट 70. दुसरा कान हुबेहूब तसाच. 8000 ला रेघ पुन्हा थोडी वर. चार हजारच्या आसपास पडलेला हा खड्डा आमच्या धंद्यात लांबून ओळखू येतो, कारखान्यातला आवाज कानात पहिल्यांदा तिथंच घर करतो. पण तो खणायला वर्षानुवर्षं लागतात. एका वर्षात वीसावरून सत्तरावर? दोन्ही कानांत सारखाच?

मला वाटलं मशीन गंडलं. हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला, ठीक होता. मळ असेल म्हणून कानात बॅटरी टाकून पाहिलं, पडदे लख्ख. कानामागच्या हाडावरून आवाज देऊन तपासलं, तेच आकडे. म्हणजे दोष आतल्या नसेकडचा, मळाचा किंवा पडद्याचा नाही. मामा तेवढा वेळ गप्प बसून होते. नुसते बसलेले नव्हते, अवघडून बसले होते.

मग माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी त्यांना उठवलं आणि त्या खुर्चीत स्वतः बसले. समोर औषधांचं कपाट. त्याच्या दाराला काचेच्या जागी खाकी पुठ्ठा चिकटवलेला.

"ही काच कधी फुटली?"

"झाला की म्हैना," मामा म्हणाले, आणि खाली बघायला लागले.

तीन वर्षं त्या काचेत माझं टेबल दिसत होतं, मशीन दिसत होतं, आणि बटणावरचं माझं बोटही.

"काय सांगू मॅडम तुमास्नी," मामा पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले. "दर बारीला बोट वर केलं तर तुमाला वास येणार. म्हनून मी आदीच्या पोरास्नी इचारून घेतलं हुतं, किती येळा वर करतासा म्हनून. तीनदा करायचं, चौथ्याला गप बसायचं. मधी एकांदी चूक करायची." थोडं थांबून म्हणाले, "पयल्या साली लई घाम आला हुता."

हसावं की काय करावं मला कळेना. आमच्याकडे एका कानाच्या बहिरेपणाचं सोंग पकडायची चाचणी आहे, स्टेंगरची. नुकसानभरपाईसाठी कोणी ऐकू येत नाही असं भासवलं तर ती उपयोगी पडते. ऐकू येण्याचं सोंग आणणाऱ्यासाठी काहीच नाही. असं कोण कशाला करेल, हेच शिकवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं. ठेकेदाराकडच्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. फिटनेसच्या कागदावर शेरा पडला की पुढच्या महिन्यापासून येऊ नको, एवढं सोपं गणित आहे ते.

मग तो माणूस बावीस वर्षं नुसत्या डोळ्यांवर कसा निभावला, ते त्यानंच सांगितलं. डोक्यावरची क्रेन येतेय हे त्यांना फरशीवरच्या सावलीवरून कळतं. मागून ट्रॉली येऊ नये म्हणून ते नेहमी भिंतीला पाठ लावून उभे राहतात. समोरच्या छिन्नीवाल्याशी सगळं बोलणं हातानं: दोन बोटं म्हणजे बिडी, मूठ फिरवली की ग्राइंडरचा दगड झिजला. त्या खात्यात कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून तिथं मामा बहिरे नव्हते. बहिरे व्हायचे ते गेटबाहेर. ठेकेदारानं एकदा फोनवर सातला बोलावलं, मामांना आठ ऐकू आलं. स, श, ट, फ यांचा जीव वरच्या पट्टीत असतो, तीच पट्टी यांची गेलेली, त्यामुळं "सात"मधला स हवेतच विरला. अर्ध्या दिवसाचा पगार कापला. घरी बायको म्हणते, "तुमी मुद्दाम लक्ष देत न्हाईसा." आणि रात्री सगळं निजलं की कानात रातकिडं सुरू. "दिवसभर मशीन असतंय, तवा बरं वाटतंय ओ," असं ते म्हणाले. ते वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं लोकांना सांगतेय की आवाज रक्तदाब वाढवतो, झोप मोडतो, चिडचिड वाढवतो. पण ज्या गोंगाटानं कान खाल्ले त्याच गोंगाटात आसरा शोधणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

मामांचा आग्रह एकच होता: गेल्या सालासारखंच लिहा. मी तसं लिहिलं नाही. आवाजानं येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाने कायद्यात, तिसऱ्या अनुसूचीत, कळवायलाच लागणाऱ्या आजारांत होता. अहवालावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची सही झाली आणि तो पुढं गेला. साहेब म्हणाले, "गणपतीतल्या डॉल्बीनं झालं असेल हो, कोल्हापुरात काय कमी दणका आहे?" डॉल्बीची बाजू मी घेणार नाही, तिनं कान जातातच. पण डॉल्बी वर्षातून काही रात्री वाजते आणि छिन्नी बावीस वर्षं रोज, एवढं मी लिहून दिलं. मामांना छिन्नीवरून काढून रंगकामाला टाकलं. गेलेलं ऐकणं परत येत नाही, आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी मेल्या की मेल्या, उरलेल्या तेवढ्या वाचतात. पण रंगकामाला ओव्हरटाइम नाही. यंदा गेले तेव्हा गेटवर दिसले, नमस्कार केला नाही. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. तीन वर्षं खोटी रेघ माझ्या सहीनं गेली होती आणि खऱ्या रेघेची किंमत त्यांनी भरली.

त्या सकाळी मात्र अजून हे काही झालेलं नव्हतं. मामा उठून बाहेर गेले, मी आलेखावर तारीख घातली आणि जुनी फाईल उघडून पाहत बसले. फेटलिंगच्या अजून कोणाकोणाच्या रेघा इतक्या सरळ आहेत, ते मोजत होते. तेवढ्यात पुढचा आत आला, पस्तिशीचा असेल, गळ्यात बोळे. खुर्चीत बसला, हेडफोन हातात घेतला, समोर बघितलं आणि वळून मला म्हणाला,

"मॅडम, हितली काच कुठं गेली?"