गिस्कार्डचा निर्णय

आयझॅक असिमॉव्ह यांची ‘रोबॉट्स अँड एम्पायर’ ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. यंत्रमानवांच्या कथा आणि आकाशगंगेतील साम्राज्याच्या कथा यांना जोडणारा दुवा म्हणून तिचा उल्लेख होतो. मला मात्र ती नैतिक पेचांची कादंबरी म्हणूनच मोलाची वाटते.

सोलॅरिया ग्रहावरचा प्रसंग पाहा. तिथले रहिवासी निघून गेले आहेत आणि मागे राहिलेले यंत्रमानव बाहेरून येणाऱ्यांच्या जिवावर उठले आहेत. माणसाला इजा करायची नाही, हा असिमॉव्ह यांच्या यंत्रमानवांना बांधणाऱ्या तीन नियमांपैकी पहिला नियम त्यांच्या मेंदूत शाबूत आहे. फक्त सोलॅरियाचा हेल काढून बोलतो तोच माणूस, अशी त्यांची समजूत करून दिलेली आहे. नियमाला हातही न लावता त्याचा प्राण काढून घेण्याची ही रीत अंगावर काटा आणते.

कादंबरीतला माणसासारखा दिसणारा यंत्रमानव डॅनील नेमक्या उलट दिशेने जातो. त्याचा जुना सहकारी, पृथ्वीवरचा गुप्तहेर एलायजा बेली याने मरणशय्येवर त्याला सांगितलेले असते, की एकेक आयुष्य हा मोठ्या वस्त्रातला धागा असतो. त्यावर दीर्घकाळ विचार करून तो पहिल्या नियमाच्याही वरचा शून्यावा नियम मांडतो: यंत्रमानवाने मानवजातीला इजा करू नये आणि स्वस्थ बसून तिला इजा होऊही देऊ नये. उदात्तच आहे हे; पण समोरच्या माणसाची जखम दिसते, मानवजातीची कशी मोजायची? इतरांच्या मनाचा ठाव घेणारा त्याचा साथी यंत्रमानव गिस्कार्ड यालाही हा नियम पुरता पटत नाही, आणि तरी निर्णयाची वेळ त्याच्यावरच येते.

१९७९च्या अणुभट्टी अपघातामुळे जगाला ठाऊक झालेल्या थ्री माइल आयलंडवर पृथ्वीचा किरणोत्सार वाढवण्याचे कारस्थान शिजते. गिस्कार्ड या कारस्थानाचा सूत्रधार, पृथ्वीद्वेष्टा ॲमाडिरो याची घाई रोखतो, परंतु दीडशे वर्षांच्या संथ गतीने ते काम होऊ देतो, कारण घर सोडावे लागल्याशिवाय माणसे आकाशगंगेत पसरणार नाहीत, असे त्याला वाटते. अब्जावधी लोकांना न विचारता घेतलेला हा निर्णय मला मान्य नाही. असिमॉव्ह यांनीही तो त्याला सुखाने पचू दिलेला नाही: त्या ताणाने त्याचा मेंदू निकामी होत जातो आणि आपली मनःशक्ती डॅनीलकडे सोपवून तो कायमचा थांबतो. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘फाउंडेशन अँड अर्थ’मध्ये, हजारो वर्षे हे ओझे वाहिल्यानंतर, डॅनील स्वतःच कबूल करतो, की शून्यावा नियम प्रत्यक्षात कसा लावायचा हे ठरवणे यंत्रमानवांना कधीच जमले नाही.