बोट दाखवू नगंस

झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी परदेशी भोपळ्याची जात, लावायची म्हटल्यावर आमच्या आत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, पहिला प्रश्न, ती खायची कशाशी? सांगलीत विश्रामबागला घरामागं जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा, तिथं एका कोपऱ्यात झुकिनी आणि कंपाउंडच्या कडेनं लाल भोपळा, दोन्ही पहिल्यांदाच. माती काळी, पाणी धरून ठेवणारी, म्हणून जरा उंचवटा करूनच आळी केली, शेणखत भरलं आणि पाऊस सरल्यावर बिया टोचल्या, कारण झुकिनीला आपला एप्रिल सोसत नाही.

झुकिनी पसरत नाही, झुडूपच होतं तिचं. देठांना बारीक काटेरी लव, हात घातला की खाज. आणि पानांवर शिरांच्या कडेनं रुपेरी डाग. आत्ती तासगावकडच्या, जन्म द्राक्षबागेत गेलेला, त्यांनी पायरीवर बसूनच निदान केलं, "भुरी आलीया, गंधक मारायला पायजे." मी पानावर अंगठा घासून बघितला. भुरी म्हणजे पानावर पांढरं पीठ धरणारी बुरशी, ती असती तर पीठ अंगठ्याला आलं असतं, हे काही निघेना. झुकिनीच्या बऱ्याच जातींचं पानच मुळात तसं असतं, रोगबिग काही नाही. (खरी भुरी जानेवारीत आली, ती मात्र घासल्यावर लगेच बोटाला लागली, खालची पानं काढून टाकली, आणि आत्ती "मी काय म्हणत हुते" म्हणाल्याच.)

फुलं आली, ढीगभर पिवळीधमक, पण आधी सगळी नरच. या सगळ्या भोपळावर्गात असंच असतं, एकाच झाडावर नर वेगळा मादी वेगळी, मादीच्या फुलाखाली बारकं फळ आधीच तयार असतं, नराचा नुसता लांब देठ. नर फुलांची भजी झकास होतात, तो सीझन आम्ही वाया घालवला नाही. मग भोपळ्याला पहिली मादी आली, खाली सुपारीएवढं फळ, मी हौसेनं बोट करून दाखवायला गेले तर, "बोट दाखवू नगंस गं, कुजतंय!"

आणि कुजलंच की. चार दिवसात पिवळं पडून गळालं. शेजारच्या काकूंना, पेपरवाल्याला, सगळ्यांना माझ्या बोटाची बातमी.

आता यात बोटाचा काय दोष? फूल उजाडता उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं, तेवढ्या वेळात मधमाशी फिरकली नाही तर परागकण पोचत नाहीत, मग फळ पिवळं पडून गळतं. नाहीतर फळमाशी टोचून आत अंडी घालते, मग ते आतनं सडतं. पण म्हणणाऱ्यांचा अनुभव काही खोटा नाही, कोवळी फळं गळतातच भरपूर, आणि बोट तर कुणी ना कुणी दाखवलेलंच असतं! मी पहाटे चहाच्या आधी परसात. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला पिवळा दांडा मादीच्या मधल्या चिकट गोळ्यावर हलक्या हातानं फिरवायचा. पिवळी भुकटी बोटांना लागून राहते, कणकेला हात लावायच्या आधी धुवावी लागते. आत्ती दारातनं बघत, बोलत काहीच नव्हत्या. फळं मात्र टिकली.

झुकिनीला तर थांब म्हणायची सोय नाही. सकाळी बोटाएवढी दिसलेली दोन-तीन दिवसात वीतभर, आणि एकदा पानाखाली लपली की दंडाएवढी, आतनं निबर, बियाच बिया. नख सहज रुततंय तोवर काढायची. पीठ पेरून भाजी केली, थालीपिठात किसून घातली, आत्तींनी मिटक्या मारत खाल्ली आणि वर "चव अशी काय न्हाई तिला" हेही सांगितलं.

भोपळ्याचं गणित उलटं, नख रुतायचं बंद झालं आणि देठ वाळून लाकडासारखा झाला की तोडायचा. तो जाऊन धरला होता काकूंच्या बाजूला भिंतीवर. काकांनी विचारलं, याचा तंबोरा होतो का हो? ते मिरजेचे, त्यात तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं, त्यामुळं त्यांच्या डोक्यात तेच. तो भोपळा वेगळा, कडू, दुधीच्या जातीचा, मंगळवेढ्याकडनं येतो. याचे घारगेच.

पण घारग्यांच्या आधी कापायचा कुणी? अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही, हे आमच्याकडं अजून चालू आहे आणि घरचे पुरुष नेमके पुण्याला. शेवटी काकूंच्या सातवीतल्या नातवाला बोलावलं, त्यानं जोर लावून सुरी घुसवली आणि ती तिथंच अडकली. ती आत्तींनीच पदर खोचून ओढून काढली आणि पुढचा सगळा भोपळा त्यांनीच कापला. पोरगं घारगे होईस्तोवर कट्ट्यावरनं हललं नाही, पहिली सुरी माझी म्हणून दोन जास्त घेऊन गेलं.