तात्यांचा अपघात आणि न उघडणारी फाईल

गेल्या श्रावणातला मंगळवार. पहाटेचे पाच-वीस झाले असतील. रात्रभर पाऊस कोसळला होता आणि तात्या नेहमीसारखे सायकलवरून येळ्ळूर रोडच्या शिवाराकडे निघाले होते. भाताच्या वाफ्यात पाणी किती साचलंय ते बघायला. आमच्या मागाच्या कारखान्याच्या फाटकासमोर एका टेम्पोनं त्यांना मागून धडक दिली. टेम्पो दोन-तीन क्षण थांबला, जरा मागं आला, तात्यांना वळसा घालून निघून गेला.

तात्या माझ्या नात्यातले नाहीत. पण वडील गेले त्या वर्षी सहा मागांचं कर्ज माझ्या डोक्यावर होतं, आणि वर्षभराचा तांदूळ त्यांनी न बोलता आमच्या दारात आणून टाकला होता. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात त्यांना झोपवून मी परत आलो तो थेट कारखान्यातल्या डीव्हीआरसमोर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रासमोर बसलो. फाटकावर कॅमेरा होता, सगळं त्यात आलेलं असणार याची मला खात्री होती.

आलं होतंच. तिथून ते पोलीस ठाण्यातल्या पडद्यावर दिसेपर्यंत मात्र चार दिवस गेले. त्या चार दिवसांत जे कळलं ते लिहून ठेवतोय, कारण आता आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापुरात घरटी एक कॅमेरा आहे.

पहिली चूक घाईत झाली. मॉनिटरवर क्लिप लावली, मोबाईलनं त्याचंच शूटिंग केलं आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. पिवळी पाटी दिसत होती, ‘केए’ वाचता येत होतं, पुढचा आकडा २२ की २३ ते कळत नव्हतं. आपल्याकडं या एका आकड्यानं सगळं बदलतं. २२ म्हणजे बेळगाव, २३ म्हणजे चिकोडी. शोधायचं कुठं, इथं की निपाणी-चिकोडीकडं? भाच्यानं कॅमेऱ्याच्या मोबाईल ॲपमधून क्लिप उतरवली, तर ती आणखी पुसट.

कारण नंतर समजलं. कॅमेरा एकाच वेळी दोन प्रवाह पाठवतो. मुख्य प्रवाह १९२० बाय १०८०चा, तो हार्ड डिस्कवर जातो. दुसरा उपप्रवाह, आमच्याकडं ७०४ बाय ५७६चा, मोबाईलवर चटकन दिसावा म्हणून असतो. म्हणजे चित्रातले ठिपके जवळजवळ पाचपट कमी. ॲपनं आम्हाला तो दुसरा दिला होता. त्यावर व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो पुन्हा दाबून लहान करतं. पाटीवरचा ३ आणि २ यांच्यातला फरक दोन-चार ठिपक्यांचा, तो या दाबादाबीत पहिल्यांदा जातो. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं, मग फाईल आहे तशी जाते.

मूळ क्लिप घ्यायची तर डीव्हीआरला पेन ड्राइव्ह लावायचा. माझा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह त्यानं ओळखलाच नाही. अशी बरीच यंत्रं फॅट३२ पद्धतीनं, म्हणजे फाईली मांडायच्या एका जुन्या पद्धतीनं, तयार केलेलाच ड्राइव्ह घेतात. दुकानातून ८ जीबीचा जुना आणला, तो लगेच लागला. (फॅट३२मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून लांबलचक रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत निघतं. बिघाड झाला असं समजू नका.)

बुधवारी पेन ड्राइव्ह घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारांनी आदरानं बसवलं, चहा मागवला, ड्राइव्ह लावला. फाईलच्या नावाच्या शेवटी एमपी४ नव्हतं, ‘डीएव्ही’ होतं. दोनदा क्लिक केलं, तिसऱ्यांदा केलं. “ओपन आगवल्दरी,” ते कन्नडात म्हणाले, उघडत नाही म्हणून. डीव्हीआरनं क्लिपसोबत स्वतःचा प्लेअरही ड्राइव्हवर टाकला होता, पण बाहेरचा प्रोग्राम ठाण्याच्या संगणकावर चालवायला त्यांनी नकार दिला. त्यांचं बरोबरच होतं, मीही माझ्या हिशोबाच्या संगणकावर चालवू दिला नसता.

घरी येताना गाडीवर मला रडू येत होतं. तात्यांची मुलगी रोज विचारत होती, “दिसलं काय वो काही?” दिसतंय पण दाखवता येत नाही, हे तिला कसं सांगायचं?

आता हे फाईलचं ‘फॉरमॅट’ म्हणजे काय ते मी ज्या पद्धतीनं समजून घेतलं तसंच सांगतो. आमच्याकडं सूत खोक्यातून येतं. खोक्यावर लिहिलेलं वेगळं आणि आतलं सूत वेगळं, या दोन गोष्टी विणकर कधी एक मानत नाही. एमपी४, एव्हीआय, डीएव्ही ही खोकी. आतलं सूत म्हणजे चित्र दाबून ठेवायची रीत, म्हणजे कोडेक. कॅमेऱ्यांत ते बहुतेक एच.२६४ असतं किंवा एच.२६५. पहिलं २००३ मध्ये आलं, दुसरं २०१३ मध्ये. फाईल उघडली नाही तर आधी विचारायचं, अडलंय कुठं? खोकं उघडत नाही, की आतलं सूत या मागावर चालत नाही?

आमच्या डीएव्ही फाईलमध्ये खोकं अडलं होतं. यंत्र बनवणाऱ्यानं आपल्या सोयीसाठी वेळ, कॅमेऱ्याचा क्रमांक वगैरे नोंदी घालून स्वतःच्या घडणीचं खोकं केलेलं. आतलं चित्र मात्र सगळ्या जगाचं तेच एच.२६५. कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं एफएफएमपेग नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवला आणि त्याला चित्र ‘कॉपी’ करायची आज्ञा देऊन एमपी४ फाईल करून घेतली. यातला ‘कॉपी’ हा शब्द फार मोलाचा आहे. त्यामुळं चित्र पुन्हा दाबलं जात नाही, सूत तेच राहतं, फक्त खोकं बदलतं. इंटरनेटवरच्या ‘कन्व्हर्ट करून देतो’ म्हणणाऱ्या जागा बहुतेक वेळा चित्र उलगडून पुन्हा दाबतात, आणि मग पाटीवरचा आकडा परत पुसट. शिवाय आपल्या दारातलं चित्रण अनोळखी ठिकाणी चढवायचं, ते वेगळंच. तसलं करू नका.

एमपी४ झाली म्हणून आम्ही आनंदात, तर भाच्याच्याच विंडोज १०च्या लॅपटॉपवर पडदा काळा. आता सूत अडलं होतं. एच.२६५ दाखवण्यासाठी तिथं एक वेगळा जोड लागतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये त्याचे थोडे पैसे पडतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये ते आधीच असतं, फुकट. व्हीएलसीत लावल्यावर चित्र आलं, आणि टेम्पो मागं येताना पाटी क्षणभर गल्लीच्या दिव्याखाली सरळ आली. थांबवून बघितलं. २३ होतं. भाच्याला मी मिठीच मारली.

त्या क्लिपची सुरुवात मात्र करड्या, फाटलेल्या चित्रानं होत होती. त्याचंही कारण जाणून घेण्यासारखं आहे. एच.२६४ आणि एच.२६५ प्रत्येक चित्र पूर्ण ठेवत नाहीत. एक चित्र पूर्ण ठेवायचं, पुढच्या चित्रांत फक्त काय हललं तेवढं लिहायचं, मग काही वेळानं पुन्हा एक पूर्ण चित्र. साडीचं अंग एकदा सांगितलं की पुढं बुट्टी कुठं येते तेवढंच सांगायचं, तसं. यानं जागा प्रचंड वाचते. पण नावापुढं ‘प्लस’ लावलेल्या ज्या वाढीव पद्धती असतात, त्यांत गल्ली शांत असली की दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर खूप वाढवतात. पहाटे पाचला आमची गल्ली शांतच असते. क्लिप नेमकी मधून तोडली तर पूर्ण चित्र हाती येईपर्यंत प्लेअर चाचपडत राहतो. म्हणून घटनेच्या आधीची पाच मिनिटं आणि नंतरची पाच मिनिटं धरूनच क्लिप काढावी. मी आता फाटकाच्या कॅमेऱ्यावर ‘प्लस’ बंदच ठेवलंय. जागा जास्त जाते, जाऊ दे.

जागेचा हिशोब शनिवारी माझ्या लक्षात आला आणि पोटात गोळा आला. ठाण्यातून फोन आला होता, टेम्पो कुठल्या दिशेला गेला ते दाखवणारं मागच्या बोळातल्या कॅमेऱ्याचंही हवं म्हणून. ते मी काढलंच नव्हतं. कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर तासाला १.८ जीबी, दिवसाला ४३ जीबी. चार कॅमेऱ्यांचे १७० जीबीच्या वर. १ टीबीची डिस्क पावणेसहा दिवसांत भरते, आणि भरली की यंत्र सगळ्यात जुन्यावर नवीन लिहायला लागतं. मंगळवार पहाट ते शनिवार रात्र, म्हणजे जवळजवळ पाच दिवस होत आले होते. बसवताना दुकानदार “पंधरा दिवस राहतंय की” म्हणाला होता, आणि मी कधी मोजून बघितलं नव्हतं. धावत जाऊन रेकॉर्डिंग बंद केलं, बोळाची क्लिप काढली, यंत्र नीट बंद करून डिस्क काढून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी नवीन डिस्क आणली. एच.२६५वर प्रवाह निम्मा ठेवला तर दिवस दुपटीच्या आसपास मिळतात, म्हणून ते वाईट नाही. पण ज्यांना ते दाखवायचं त्यांच्याकडं उघडेल का, तेही तेवढंच महत्त्वाचं.

आत्तेभाऊ कोर्टात वकिली करतो. त्यानं एक गोष्ट बजावली, ती मला आधी माहीत नव्हती. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. पूर्वीच्या ६५-ब कलमाचं काम आता कलम ६३ करतं. क्लिपसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याचे दोन भाग. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य लिहायचं. हॅश म्हणजे फाईलवरून गणितानं निघणारी आकडे-अक्षरांची ओळ. फाईलमध्ये एक बिट बदललं तरी ती ओळ बदलते. प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ठाम केली, तो खटलाही जालन्याच्या निवडणुकीचा होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. त्यातही निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचाच प्रश्न होता. मूळ यंत्रच कोर्टात हजर करून मालकानं स्वतः साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही, हेही त्याच निकालात आहे. कपाटात ठेवलेल्या डिस्कची किंमत मला तेव्हा कळली.

खोकं बदललं की हॅशही बदलतं. म्हणून आम्ही दोन्ही दिल्या. डीएव्ही मूळ म्हणून, हात न लावलेली, आणि एमपी४ बघण्यासाठी. यंत्राचं घड्याळ अकरा मिनिटं पुढं होतं, कारण दिवे सारखे जातात आणि आतला नाण्याएवढा सेल संपला होता. ते आधी दुरुस्त करायला निघालो होतो, आत्तेभावानं थांबवलं. मोबाईलची वेळ आणि पडद्यावरची वेळ एका फोटोत घेतली, फरक कागदावर लिहिला, मगच घड्याळ लावलं.

नवीन घेणाऱ्यांसाठी एवढंच. खानापूरला बहिणीच्या घरी जुन्या रेकॉर्डरला नवा आयपी कॅमेरा, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणारा, जोडला तर चित्र येईना. रेकॉर्डरला एच.२६५ कळत नव्हतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ केलं आणि आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जुळावीत म्हणून ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ नावाचा मेळ सुरू केला. डब्यावर ते नाव आहे का बघा, त्यातही ‘प्रोफाइल टी’ असेल तर एच.२६५चा विचार त्यात केलेला असतो. जाड गोल केबलच्या जुन्या पद्धतीत टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी असे तीन प्रकार आहेत. केबल तीच, टोकाची पिनही तीच, तरी एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या यंत्रावर चालेलच असं नाही.

टेम्पो सापडला, चिकोडीकडचाच. खटला चालू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात गल्लीच्या गणपती मंडळानं मांडवासाठी दोन कॅमेरे घेतले आणि लावायचं काम माझ्याकडं दिलं. स्क्रू आवळून झाल्याबरोबर मी क्लिप काढून बघायला बसलो. कोणीतरी समोरून चालायला हवं होतं. कट्ट्यावर तात्या बसले होते, “मी जातो की,” म्हणत काठी टेकत उठले आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. फाईल भाच्याच्या लॅपटॉपवर लावली, मग माझ्या मोबाईलवर, मग समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या जुन्या संगणकावर. तिन्हीकडं चालली. तात्या खुर्ची ओढून झेरॉक्सवाल्याच्या पडद्याजवळ बसले, पुन्हा लावायला सांगितलं, स्वतःला चालताना नीट बघितलं.

“अजून लंगडूलोय की रे मी,” म्हणाले.