मधल्या खोलीतला उजेड

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं जुनं घर. मधल्या खोलीला खिडकीच नाही. आई भरदुपारी दिवा लावून तांदूळ निवडायची. ६ वर्षांपूर्वी स्लॅबमधून उजेडाची नळी घेतली: वर ॲक्रिलिकचा घुमट, आत आरशासारखी चकचकीत ॲल्युमिनियमची नळी, खाली दुधी झाकण.

यंदा मृगाआधी गच्चीवर चढलो. घुमटावर धुळीचा जाड थर, कडेचं सिलिकॉन उन्हानं तडकून नखानं निघत होतं. पाणी शिरतं ते याच सांध्यातून! सगळं खरवडून नवं भरलं. घुमट साबणाच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं पुसला. थिनर, काथ्या मुळीच वापरू नका. थिनरनं ॲक्रिलिक तडकतं, काथ्यानं ओरखडे पडतात.

खाली आलो तर आई म्हणाली, "अरे, खडे दिसायला लागले की!"