पॉइंट साठवणाऱ्यांचं काही खरं नाही

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, म्हणजे डॉलिस हिलच्या वास्तूत, आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत दोन विषय हमखास ऐकू येतात: मुलांच्या ग्रामर स्कूलच्या परीक्षा आणि एव्हिऑस. पहिल्या विषयावर लोक हातचं राखून बोलतात. दुसऱ्यावर मात्र नुकतीच ओळख झालेला माणूसही आपल्या खात्यातला आकडा बेधडक सांगून टाकतो.

एव्हिऑस म्हणजे ब्रिटिश एअरवेजचे पॉइंट. १९८८ मध्ये 'एअर माइल्स' नावाने ही योजना सुरू झाली, २०११ मध्ये नाव बदललं. आता कतार, फिनएअर, आयबेरिया, एअर लिंगस यांचंही हेच चलन आहे. चलन म्हणते खरी, पण याची नोट छापणारा आणि दुकानात भाव लावणारा एकच. सगळी गोम इथेच आहे.

इथे पॉइंट जमवायला विमानात बसायची गरज नाही. आम्ही सेन्सबरीज या सुपरमार्केटमधून दहा किलोची कणकेची पिशवी आणतो तेव्हा त्यांचं पॉइंट देणारं नेक्टर कार्ड स्कॅन होतं आणि पौंडामागे एक पॉइंट पडतो. ५०० नेक्टर पॉइंटांचे दुकानात अडीच पौंड सुटतात. तेच पॉइंट एव्हिऑसमध्ये वळवले तर ४०० नेक्टरचे २५० एव्हिऑस होतात. म्हणजे दोन पौंडांचा किराणा सोडून २५० एव्हिऑस, एका एव्हिऑसला ०.८ पेन्स (पौंडाचे शंभर पेन्स). हा आकडा मी डोक्यात पक्का ठेवला आहे, कारण "फुकटचे पॉइंट" असं कोणी म्हणालं की मला तो आठवतो. फुकट काही नाही, आपण ते कणकेच्या बिलात मोजलेले असतात.

आता हा पॉइंट तिकिटावर किती किमतीला जातो ते बघायचं. समजा, मुंबईचं परतीचं तिकीट पैशाने ६५० पौंडांना आहे आणि पॉइंटांनी घेतलं तर ५०,००० एव्हिऑस अधिक २५० पौंड. वाचले ४००. भागिले ५०,०००, म्हणजे तेच ०.८ पेन्स. एवढा खटाटोप करून शेवटी हातात पडलं किराण्याच्या काउंटरवर मिळत होतं तेवढंच! ते पैशाचं तिकीट ऑफ सीझनला ५०० ला मिळालं, तर पॉइंट वापरणं चक्क तोट्याचं. बरं, वरचे २५० कसले? काही विमानतळाचे, काही कंपनीने लावलेला अधिभार आणि काही सरकारचा प्रवासी कर. या कराचा दर २०२५-२६ साली भारताच्या अंतराला इकॉनॉमीत माणशी ९० पौंड होता आणि बिझनेस क्लासला २१६. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत तो माफ आहे, हे भारतात फारसं कोणाला माहीत नसतं. पॉइंटांनी घेतलेल्या तिकिटालाही हा कर चुकत नाही.

तरी लोक पॉइंटांच्या मागे का असतात? बिझनेस क्लाससाठी. इकॉनॉमीत मी पॉइंट घालवत नाही, कारण तिथे गणित बहुतेक वेळा असंच काठावर येतं. आई-बाबांना सपाट झोपून आणायचं असेल तर मात्र तेच पॉइंट दुप्पट किमतीचे होतात. पैशाने ते तिकीट आम्ही काढलंच नसतं, हा भाग वेगळा. म्हणून "माझे पॉइंट तीन पेन्सला गेले" असं सांगणाऱ्यांचं मी हसून ऐकून घेते. जी वस्तू आपण विकत घेणारच नव्हतो, तिची छापील किंमत धरून फायदा मोजण्यात काय अर्थ आहे?

भाव घसरण्याची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. लंडन ते न्यूयॉर्क बिझनेस क्लासचं एकेरी तिकीट २०१५ च्या एप्रिलपर्यंत ४०,००० एव्हिऑसला होतं. मग कमी गर्दीच्या दिवशी ५०,००० आणि गर्दीच्या दिवशी ६०,००० झालं. गर्दीचे दिवस कोणते? शाळेच्या सुट्ट्या, नाताळ. म्हणजे मुलंबाळं असलेल्यांनी देशात जायचे नेमके तेच दिवस. त्यानंतर एक पर्याय आला: वरचे पैसे कमी, पॉइंट जास्त. तो अनेकांना आवडला, मलाही. पण जुना भाव कुठे होता आणि आता कुठे आलो, हे त्या सोयीत विसरायला होतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. २०२३ च्या ऑक्टोबरपासून पॉइंट अंतरावर न मिळता तिकिटाच्या पैशावर मिळू लागले. साध्या सभासदाला पौंडामागे सहा. त्या वेळी फार आरडाओरडा झाला. पण आमच्यासारख्या सगळ्यात स्वस्त तिकीट काढणाऱ्यांना आधी मुंबईच्या सुमारे ४,४८० मैलांच्या जेमतेम पाव पट पॉइंट मिळायचे. नव्या हिशोबात उलट जास्त पडतात. ओरडत होते ते सवलतीत बिझनेस क्लास पकडून पॉइंटांचा ढीग लावणारे. एप्रिल २०२५ पासून सभासदाचा सिल्व्हर, गोल्ड असा वरचा दर्जाही मुख्यतः पैशावर ठरतो, सिल्व्हरला ७,५०० आणि गोल्डला २०,००० पॉइंट. हे दर्जाचे पॉइंट एव्हिऑसपेक्षा वेगळे, पौंडाला एक. वर्षातून एकदा मुंबईला जाणाऱ्यांनी लाउंजची आशा सोडलेली बरी.

हे सगळं विमान कंपन्या का करतात, तर पॉइंट हाच आता त्यांचा मोठा धंदा आहे. बँका आणि कार्ड कंपन्या घाऊक पॉइंट विकत घेतात आणि आपल्याला वाटतात. २०२० च्या जुलैमध्ये विमानं जमिनीवर असताना अमेरिकन एक्स्प्रेसने ब्रिटिश एअरवेजच्या मूळ कंपनीला सुमारे ७५ कोटी पौंड दिले, त्यातला मोठा भाग आगाऊ एव्हिऑससाठी. त्याच वर्षी अमेरिकेच्या युनायटेडने आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. उडत नसलेल्या विमानांपेक्षा पॉइंटांची पत मोठी ठरली! एवढे पॉइंट बाजारात आणल्यावर तेवढ्या खुर्च्या कुठून येणार? मग तिकिटाचा भाव वाढवायचा. कंपनीच्या वहीत आपले पॉइंट देणं म्हणून लिहिलेले असतात, ते असं परस्पर हलकं होतं.

माझा न्यू जर्सीतला मामेभाऊ कार्ड घेतल्याबरोबर मिळणाऱ्या पॉइंटांवर दोघांची तिकिटं काढतो आणि आम्हाला वेड्यात काढतो. त्याला कायदा सांगावा लागतो. दुकानदाराकडून कार्डामागे घेतली जाणारी फी युरोपात २०१५ च्या नियमाने क्रेडिट कार्डाला ०.३ टक्क्यावर बांधली गेली, ब्रिटनने ती तशीच ठेवली. पॉइंटांचा पैसा त्या फीतूनच येतो. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या फीला अशी मर्यादा नाही. म्हणून इथे अॅमेक्सचं, म्हणजे अमेरिकन एक्स्प्रेसचं, कार्ड जो तो जपतो आणि एकाच्या पॉइंटांत दोघांना नेणाऱ्या जोडीदाराच्या व्हाउचरसाठी वर्षात १५,००० पौंड खर्च करायला धडपडतो. पूर्वी वरच्या कार्डाला १०,००० पुरत.

पॉइंटांवर मिळणाऱ्या खुर्च्या ३५५ दिवस आधी उघडतात. प्रत्येक लांबच्या विमानात इकॉनॉमीत किमान आठ आणि बिझनेसमध्ये चार, एवढी हमी आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीची तारीख इथल्या घड्याळाप्रमाणे रात्री एकला उघडते. आमच्या गल्लीत त्या वेळी ज्या खिडकीत दिवा दिसेल ते घर देशी समजावं. जाण्याचं तिकीट मिळालं तरी परतीची तारीख अजून उघडायची असते, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी पुन्हा जागरण.

मंडळातले एक काका निवृत्तीनंतर काकूंना घेऊन बिझनेसने जायचं म्हणून वर्षानुवर्षं पॉइंट साठवतायत. "अहो काका, वापरा आता," असं म्हटलं की, "राहू दे गं, वाढतायत," हे उत्तर. बँकेतल्या एफडीसारखं त्यांनी ते बाजूला काढून ठेवलंय. एफडीवर व्याज तरी मिळतं.

जेट एअरवेजचे पॉइंट असलेल्यांनी याची एक वेगळीच गंमत पाहिली. १७ एप्रिल २०१९ ला विमानं थांबली, पण पॉइंट बुडाले नाहीत, कारण ती योजना वेगळ्या कंपनीकडे होती आणि तिची निम्म्याहून जास्त मालकी एतिहादकडे. नाव बदलून इंटरमाइल्स झालं. हातात पॉइंट होते, पण ज्या विमानासाठी जमवले तेच नव्हतं. विस्ताराचं बरं झालं. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट एकास एक महाराजा क्लबमध्ये गेले.

तुमच्याकडे एव्हिऑस पडून असतील तर ३६ महिन्यांत खात्यात काहीतरी हालचाल दिसली पाहिजे, नाहीतर ते जातात. नेक्टरमधून २५० वळवले तरी पुरतं. घरातल्यांचं एकत्र खातं केलं असेल तर पुण्याच्या आई-बाबांची नावं, त्यांच्यासाठीही त्या पॉइंटांवर तिकीट काढता यावं म्हणून, आधीच खात्यातल्या आप्तेष्टांच्या यादीत घालून ठेवा. रात्री एकला खुर्ची समोर दिसत असताना ते करत बसायला वेळ नसतो.