तुम्ही विचारलंत म्हणून: एयू ५८ चांगले की एमएस ६०?

नाण्याच्या वर्णनापुढे ‘व्हीएफ ३०’, ‘एयू ५८’, ‘एमएस ६३’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय घ्यायचा, असे नवे संग्राहक मला वारंवार विचारतात. अक्षरे झिजेची पायरी सांगतात आणि आकडा त्या पायरीवरची जागा सांगतो. मोजपट्टी १०० ऐवजी ७० वर का संपते, याचे कारण तिच्या जन्मात आहे. नाणेतज्ज्ञ विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या, तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडली, तेव्हा ७० चे नाणे १ च्या नाण्याहून सत्तर पट मोलाचे, असा हिशेब होता. किमतीचा तो हिशेब पुढे टिकला नाही, आकडे मात्र राहिले.

शब्दाच्या साध्या अर्थावर विसंबू नये. ‘जी’ म्हणजे ‘गुड’ खरे, पण जी ४ च्या नाण्यावर चित्राची बाह्यरेषाच काय ती उरलेली असते. तिथून व्हीजी (व्हेरी गुड), एफ (फाइन), व्हीएफ (व्हेरी फाइन) आणि एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन) असे चढत गेले की ५० ते ५८ मध्ये एयू येते, म्हणजे जवळजवळ न वापरलेले नाणे, आणि ६० पासून एमएस, म्हणजे मिंट स्टेट, व्यवहारात न फिरलेले नाणे.

खरा घोटाळा या दोघांच्या सीमेवर होतो. एमएस झीज नसल्याची हमी देते, सौंदर्याची नव्हे. टांकसाळीतल्या पोत्यात नाणी एकमेकांवर आदळतात आणि नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावर, कपाळावर खोचा पडतात; अशा खोचांनी भरलेले, निस्तेज नाणेही न फिरलेलेच असल्यामुळे एमएस ६० ठरते. एयू ५८ ओळखायचे तर नाणे कडेने धरून एकाच दिव्याखाली हळूहळू कलते करावे. मूळ तेज शाबूत असेल तर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा पृष्ठभागावरून अखंड फिरतो. कानावरच्या केसांसारख्या उंच भागावर तो तुटला आणि तिथे करडी छटा दिसली, तर नाणे घासले गेले आहे. एवढीशी घासण सोडता ते देखणे असू शकते, म्हणून माझ्या संग्रहासाठी मी बहुधा एयू ५८ च निवडतो.

पीएफ किंवा पीआर, म्हणजे प्रूफ, ही मुळात अवस्थाच नव्हे. ती नाणे पाडण्याची रीत आहे. त्यासाठी ठसे आणि चकत्या खास चकचकीत केलेल्या असतात. असे नाणे चुकून व्यवहारात गेले तर झिजूनही प्रूफच राहते, म्हणून ‘पीएफ ५०’ हे लिखाण चुकीचे नसते. तांब्याच्या नाण्यापुढची आरडी, आरबी, बीएन ही अक्षरे मूळ लाली किती टिकली ते सांगतात: लाल, तांबूस-तपकिरी, तपकिरी.

आणि ‘डिटेल्स’ हा शब्द दिसला तर थांबावे. चित्राचे बारकावे त्या पायरीचे आहेत, पण नाणे घासून साफ केलेले, ओरखडलेले किंवा दुरुस्त केलेले आहे, असे तो सांगतो. म्हणून मी कळकळीने सांगतो, नाणे घासून चकचकीत करू नका. बारीक रेघांनी मोडलेला प्रकाशाचा तो पट्टा कोणत्याही उपायाने परत येत नाही.